घर नका बघू, साहेब

“साहेब, घर नका बघू. प्लॉट बघा,” एजंट म्हणाला.

मी त्या वेळी मुलुंड पूर्वेतल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघरात, मान वर करून उभा होतो. छताला ओल आली होती आणि त्या ओलीचा आकार हुबेहूब श्रीलंकेसारखा होता. प्लॉट बघायचा तर खिडकीतून वाकून खाली बघावं लागलं असतं. खिडकीला ग्रिल होतं, ग्रिलमध्ये कोरफडीच्या चार कुंड्या होत्या आणि कुंड्यांमागे एक तीनचाकी सायकल होती. म्हणून मी पुन्हा श्रीलंकेकडे वळलो.

“ही ओल...”

“ती जाणारच आहे.”

“ओल?”

“बिल्डिंग.”

घर बघायला निघालेल्या माणसाला मुंबईत घर सोडून बाकी सगळं दाखवतात, हे कळायला मला सात रविवार लागले.

आमच्या घराण्याचा इतिहास मध्य रेल्वेच्या धीम्या मार्गावर स्टेशनवार लिहिलेला आहे. आजोबा चिंचपोकळीला चाळीत राहिले. वडील कुर्ल्याला नेहरूनगरात आले. मी मुलुंडला निघालो. दर पिढीला सहा-सात स्टेशनं मागे, असा हिशेब आहे. तो असाच चालू राहिला तर माझा मुलगा ठाकुर्लीला, नातू आसनगावला आणि पणतू कसाऱ्याला राहील. त्यापुढे घाट आहे. खापरपणतवंडांचं त्यांनी बघावं.

मुलुंड निवडलं त्याला कारण एकच. मुंबईत राहायचं, पण मुंबईत राहिल्यासारखं वाटता कामा नये, अशी माझी इच्छा होती. आणि मुंबईत राहिल्यासारखं नाही वाटलं तरी चालेल, पण मुंबईत राहतो असं सांगता आलं पाहिजे, अशी आईची. दोन्ही इच्छा एकाच पत्त्यावर पुऱ्या होतील अशी जागा नकाशाच्या कडेलाच सापडते. मुलुंड १९५७ साली मुंबई महापालिकेच्या हद्दीत आलं आणि ती हद्द तिथेच संपते. पुढे ठाणे. रात्री दहानंतर मुलुंड पूर्वेला कुत्रीसुद्धा हळू आवाजात भुंकतात. संध्याकाळी निवृत्त मंडळी चौकातल्या कठड्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद ठेवतात. नवा माणूस दिसला की ‘कोणाकडे?’ असं विचारतात आणि आपण उत्तर दिलं की तिथे पोहोचण्याचा रस्ता सोडून त्या माणसाची सगळी माहिती देतात. म्हणजे गावच. फक्त पिनकोड मुंबईचा.

आणि मुलुंडमध्ये घर घेणारा माणूस खरं तर त्या पिनकोडातलं एक शून्य विकत घेत असतो. मुलुंड पूर्व म्हणजे ४०००८१. ठाण्याचे पिनकोडही ४०० नेच सुरू होतात, पण त्यांचा चौथा आकडा ६ असतो. बाकी हवा तीच, डास तेच, रिक्षावाल्याचा नकारही तोच. पण चौथ्या जागी शून्य हवं असेल तर चौरस फुटामागे जादा मोजा, असं प्रत्येक एजंट सांगतो. शून्याचा शोध भारतात लागला, हे शाळेत शिकलो होतो. त्याची किंमत मुलुंडला कळली.

या हद्दीपायी लोकांनी काय काय सोसलंय! पूर्व द्रुतगती महामार्गाला लागून असलेलं हरिओमनगर मुंबईत आहे, पण टोलनाक्याच्या पलीकडे. म्हणजे मुंबईतल्या घरातून निघून मुंबईतल्याच स्टेशनवर गाडीने जायचं तर वाटेत मुंबईत शिरल्याबद्दल टोल. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही वेशींवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला, तेव्हा कुठे ती माणसं फुकटात मुंबईकर झाली. एजंटने हेही मला घराचं वैशिष्ट्य म्हणून सांगितलं. “टोल गेला, साहेब. भाव चढणार.” माझ्याकडे गाडी नाही. मी खूश झालो, कारण सात रविवारांत मला कशानेही खूश व्हायची सवय लागली होती.

माझी आत्या दादरची. तिच्या मते शीवच्या पुढे मुंबई नाही. पुरावा म्हणून ती रिक्षाकडे बोट दाखवते: रिक्षा शीवच्या अलीकडे येत नाहीत, तसं आपणही पलीकडे जाऊ नये. घर घेणार म्हटल्यावर ती बघायला आली, ती बॅग भरूनच. बॅगेत दोन साड्या, गोळ्या, उशी.

“अगं आत्या, लोकलने पाऊण तास.”

“असू दे रे. बाहेरगावी निघालं की राहायच्या तयारीनं निघावं.”

तर एजंट. या माणसाला वर्तमानकाळ ठाऊक नव्हता. मी विचारायचो पाणी किती वाजता येतं, तो सांगायचा मेट्रो किती साली येणार. वडाळ्याहून कासारवडवलीला जाणारी मेट्रो ४ मुलुंडवरून जाणार. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता डोंगराच्या पोटातून बोगदा काढून येणार. “मग गोरेगाव पाच मिनिटं!” गोरेगावला माझं कोणीही राहत नाही. पण पाच मिनिटांत जाता येणार म्हटल्यावर तिथे कोणीतरी असावं, असं मला वाटू लागलं. मेट्रो मुलुंडच्या पश्चिमेला आहे आणि आपण पूर्वेला आहोत, हे बायकोने लक्षात आणून दिलं. तो म्हणाला, “म्हणूनच तर इथे आवाज नाही.”

पूर्व आणि पश्चिम यांच्यामध्ये फक्त रूळ आहेत, पण पूर्वेचा माणूस पश्चिमेला ‘तिकडे’ म्हणतो आणि तिकडे जाताना शर्ट बदलतो. कालिदास नाट्यगृह तिकडे. महाराष्ट्र सेवा संघाचं ग्रंथालय तिकडे. आमच्याकडे केळकर कॉलेज आहे आणि मिठागर रस्ता आहे. पश्चिमेलाही आम्ही एक घर पाहिलं होतं. तिथल्या एजंटने खिडकीतून डोंगर दाखवला. “मागे सगळं नॅशनल पार्क. शुद्ध हवा.” आणि मग आवाज खाली आणून, जणू क्लब हाउसबद्दल बोलतोय अशा सुरात, “कधी कधी बिबट्यापण दिसतो.” आमच्या पूर्वेच्या एजंटला हे सांगितल्यावर तो जराही डगमगला नाही. “आपल्याकडे फ्लेमिंगो,” तो म्हणाला. ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो येतात, त्यांच्यासाठी अभयारण्यही आहे, हे खरं. पण तिसऱ्या मजल्यावरून समोरच्या बिल्डिंगचे वाळत घातलेले टॉवेल दिसत होते. त्यातला एक गुलाबी होता.

मुलुंडच्या डम्पिंग ग्राउंडचं मी मुद्दाम विचारलं. ते २०१८ साली बंद झालं. त्यामुळे इथल्या फ्लॅटच्या जाहिरातीत ‘वास येत नाही’ हेही सोय म्हणून सांगता येतं. मालकांनी खिडकी उघडून आम्हाला न येणारा वास दाखवला. आम्ही सगळ्यांनी रांगेत उभं राहून खोल श्वास घेतला. आई म्हणाली, “शेजारी बोंबील तळतायत.” मालकीणबाईंचा चेहरा उतरला. आई लगेच म्हणाली, “ताजे आहेत,” आणि दोघींची तिथेच गट्टी जमली.

क्षेत्रफळाचं प्रकरण मात्र मला अजून नीट उमगलेलं नाही. एजंट म्हणाला ५४० फूट. मालकांच्या १९८६ सालच्या करारात ५४० होतं, पण ते बिल्टअप. मालक स्वतः म्हणाले ४५०. बँकेने पाठवलेला मूल्यमापन करणारा मुलगा लेझरचं यंत्र घेऊन आला, भिंतीवर लाल ठिपका मारला आणि ४१२ म्हणाला. मी घरून टेप नेली होती. माझं उत्तर ३९८ आलं, पण मी पलंगाखालचं मोजलं नव्हतं. नव्या इमारतीत आता हा घोळ नाही. रेरा कायद्याने बिल्डरला कार्पेट एरियाच सांगावा लागतो. त्याआधी सुपर बिल्टअपचा जमाना होता. त्यात जिना, लॉबी, लिफ्टचा खड्डा यांचा वाटा आपल्या फ्लॅटमध्ये मोजायचे. माझ्या एका मित्राने त्या काळात ९०० फूट घेतले. त्यातले दोनशे कुठे आहेत ते तो अजून रविवारी सकाळी शोधतो.

पण मुळात कार्पेट एरिया हा शब्दच आपल्या माणसाचा नव्हे. आमच्या तीन पिढ्यांत कोणी गालिचा अंथरलेला नाही. आमच्याकडे असते सतरंजी. आणि सतरंजी एरिया कसा मोजायचा, ते मालकांनी दाखवलं.

सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. मुलाकडे पुण्याला राहायला निघालेले. एजंट भविष्यात राहायचा तसे हे पूर्णपणे भूतकाळात. आम्ही हॉलमध्ये पाऊल टाकलं. दहा बाय पंधराचा हॉल. बायको कपाट कुठे राहील ते बघत होती. तिचं क्षेत्रफळाचं एकक म्हणजे आईचं गोदरेजचं कपाट. घर केवढंही असो, ते कपाट उघडल्यावर मागून माणूस जाऊ शकतो का, एवढाच तिचा प्रश्न. मालक म्हणाले, “इथे आमच्या मुलीचा साखरपुडा झाला.”

“इथे? किती माणसं होती?”

“साठ. वर गुरुजी.”

मी हॉलकडे पाहिलं. मग मालकीणबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, “काही जण जिन्यात होते. पण जेवले सगळे सतरंजीवर.” माझ्या डोळ्यांदेखत ते घर पुन्हा ५४० फुटांचं झालं.

बाल्कनी ‘आत घेतलेली’ होती. पाडली, काढली, बंद केली असं कोणी म्हणत नाही. थंडीत बाहेर राहिलेल्या मांजरासारखी बाल्कनी आत घेतात. त्या आत घेतलेल्या बाल्कनीत बसून त्यांचा मुलगा सीए झाला. माझा मुलगा पाचवीत आहे. त्याने आत जाऊन पाहिलं आणि वायफाय पकडत नाही म्हणाला. मालक म्हणाले, “म्हणूनच तो सीए झाला.”

घर ठरलं ते या वाक्यावर. ९८ लाख.

मी हा आकडा आईला सांगताना हळू सांगितला. आजोबांनी चिंचपोकळीला महिना साडेअकरा रुपये भाडं भरलं होतं आणि तेही जास्त आहे म्हणून ते मरेपर्यंत कुरकुरत होते. ३८ लाख आमचे: माझा प्रॉव्हिडंट फंड, बायकोच्या बांगड्या, आईची एफडी. ६० लाख बँकेचे. साडेआठ टक्के, २० वर्षं, हप्ता महिना ५२ हजारांच्या आसपास. बँकेतल्या मुलीने कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवून दाखवला: एकूण परतफेड सव्वा कोटी. “सर, तुमचं वय ४० आहे ना? अगदी परफेक्ट,” ती म्हणाली. माझं वय इतकं कौतुकाने कोणी म्हटल्याला बरीच वर्षं झाली होती. शेवटचा हप्ता आणि शेवटचा पगार एकाच महिन्यात येतील, हा त्या कौतुकाचा अर्थ मला लोकलमध्ये विक्रोळीला लक्षात आला.

मग वकीलबाई. मुंबईत मुद्रांक शुल्क सहा टक्के. म्हणजे ५ लाख ८८ हजार. “फक्त बाईच्या नावावर घर घेतलंत तर एक टक्का सूट,” त्या म्हणाल्या. “दोघांच्या नावावर नाही. फक्त बाईच्या.”

“म्हणजे किती वाचतील?” बायकोने विचारलं. ती शाळेत गणित शिकवते. तिला उत्तर माहीत होतं.

“९८ हजार.”

थोडा वेळ कोणी बोललं नाही. वकीलबाईंनी कागद सारखे केले. मी विचार करत होतो: पुरुष, घरातला कर्ता, चिंचपोकळीपासूनची परंपरा. तेवढ्यात आई म्हणाली, “वाचतायत ना? मग त्यात विचारायचं काय?”

अशा रीतीने मी ९८ हजार रुपयांत घराबाहेर पडलो. कर्जात मात्र माझं नाव आहे. घर तिचं, हप्ता आमचा. पन्नास लाखांवरचं घर घेताना खरेदीदाराने एक टक्का टीडीएस कापून सरकारात भरायचा असतो, तोही ९८ हजारच निघाला आणि मालकांना वाटलं मी त्यांच्याकडून वसूल करतोय. त्यांना समजावताना तीन चहा झाले. दुय्यम निबंधक कार्यालयात बायकोचा फोटो काढला, अंगठा घेतला. मी तिची पर्स धरून उभा होतो. कारकून म्हणाला, “तुम्ही साक्षीदार का?” मी हो म्हणालो. दुसरं काय होतो मी?

इतकं सगळं झाल्यावर सोसायटीने जे भागपत्र, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, दिलं त्यावर लिहिलं होतं: प्रत्येकी ५० रुपयांचे ५ शेअर. एकूण रुपये अडीचशे फक्त. मी ते दोनदा वाचलं. आईला चष्मा देऊन तिच्याकडून वाचून घेतलं. ९८ लाखांचं घर आणि त्याची सगळ्यांत महत्त्वाची पावती अडीचशेची. तेवढ्यात मुलुंडला फार तर दोन मिसळपाव येतात, आणि आम्ही घरात चौघं.

पण ‘घर नका बघू’ याचा खरा अर्थ राहायला गेल्यावर कळला.

मी पहिल्याच आठवड्यात श्रीलंकेचा बंदोबस्त करायचा म्हणून वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावलं. तो जिना चढत असतानाच बातमी पसरली. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, “अहो, कशाला खर्च करताय? रिडेव्हलपमेंट होतंय.” दुसऱ्या मजल्यावरून आवाज आला, “रिडेव्हलपमेंट होतंय ना?” चेअरमन स्वतः वर आले. “बादली ठेवा,” म्हणाले. “थोडेच दिवस.”

“कधीपासून चाललंय हे?”

“२०११.”

मग मला ती इमारत दिसू लागली. कोणी रंग लावलेला नव्हता. कोणी फरशी बदलली नव्हती. जिन्यातली बल्बची वायर दोरीने बांधलेली, दोरी खिळ्याला, आणि खिळा देवाच्या भरवशावर. आमच्या बरोबर खालचे काका ७८ वर्षांचे आहेत. त्यांनी माळ्यावरचं सगळं सामान २०११ साली खोक्यांत भरून ठेवलं, वर मार्करने ‘ट्रान्झिट’ असं लिहिलं. भातुकली, पितळी पातेली, हार्मोनियम. अधूनमधून काकूंना पुरणयंत्र लागतं, तेव्हा काका खोकं क्रमांक ९ उघडतात आणि सण झाला की पुन्हा चिकटपट्टी लावतात.

गल्लीत दर दोन इमारतींआड एक जागा निळ्या पत्र्यांनी वेढलेली आहे. माणसं संध्याकाळी फिरायला जातात ती त्या पत्र्यांच्या फटींतून बघायला. “त्यांचा कितवा स्लॅब?” “सातवा.” “त्यांना किती टक्के जास्त मिळाले?” हा प्रश्न विचारताना आवाज असा होतो, जसा दुसऱ्याच्या मुलाचे बारावीचे गुण विचारताना होतो. कॉर्पस, भाडं, शिफ्टिंग हे शब्द माझी आई महिन्याभरात शिकली. भाजीवाल्याकडे ती परवा कुणाला तरी सांगत होती, “आमचा डेव्हलपर अजून ठरायचाय.” माझ्या लग्नाआधी याच सुरात ती माझ्याबद्दल बोलायची.

सगळ्यांत वाईट दिवस आमच्या सोसायटीत मी राहायला जाण्याआधीच येऊन गेला होता. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं. तसं ते झालं. अहवालात इमारतींना वर्ग देतात: सी-१ म्हणजे धोकादायक, रिकामी करा आणि पाडा, त्याखाली सी-२ए, सी-२बी, सी-३. सगळे आशेने बसले होते. अहवाल आला. सी-२बी. राहता येईल, दुरुस्ती करा. काकू सांगत होत्या, त्या दिवशी बिल्डिंगमध्ये कोणाला जेवण गेलं नाही. एका मार्काने पहिला वर्ग हुकल्यासारखं झालं. चेअरमन म्हणे इंजिनिअरला विचारत होते, फेरतपासणी मिळेल का.

मी ओल तशीच ठेवली. खाली बादली ठेवली. पावसाळ्यात श्रीलंकेच्या उत्तरेला हळूहळू तमिळनाडूचा किनारा उमटला. मुलाचा भूगोल सुधारला.

हे सगळं मला पटलं होतं. बायकोला पटलं नव्हतं. जानेवारीत तिने नवं कालनिर्णय आणलं आणि खिळा कुठे ठोकायचा विचारलं. मी म्हणालो, “आत्ता नको भिंतीला भोक. फ्रिजवर ठेव, नाहीतरी थोडेच दिवस...”

तिने माझ्याकडे पाहिलं. “घर कोणाच्या नावावर आहे?”

मी हातोडी आणून दिली.

पहिला घाव बसला, भिंतीतून पोकळ आवाज आला. दुसऱ्याला थोडी भुकटी पडली. तिसऱ्याला खिळा आत गेला, तो एकटा गेला नाही. परातीएवढा गिलाव्याचा तुकडा सुटून धाडकन खाली आला. धूळ उडाली, आई “अगंबाई!” म्हणत खोलीतून बाहेर आली, तुळशीचं पान चहात पडतं तसा खिळा हळूच बादलीत पडला. आम्ही तिघं भिंतीतल्या विटांकडे बघत उभे राहिलो.

जिन्यात पावलं वाजली. कोणीतरी भरभर वर येत होतं. मी मनात माफीचे शब्द जुळवत दार उघडलं. खालचे काका होते. बनियनवर, एका पायात चप्पल, धापा टाकत. हातात चिकटपट्टीचं रीळ आणि डोळ्यांत मी कधी न पाहिलेली चमक.

“सुरू केलं का हो पाडायला?”